वाक्यांचे वेगळे दप्तर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी संतवाङ्मयापासून मधुमेहापर्यंत विषय घेतले. आमच्या वाट्याला कार्यकारिणीने संगणकाचा विषय द्यावा याचे प्रथम आम्हांलाच नवल वाटले. आम्ही बी. ए. झालो ते इतिहास घेऊन, आणि त्यानंतरचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत टिपणे लिहिण्यात व बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडण्यात गेले. संगणकाची आज्ञावली लिहिणे आम्हांस येत नाही. परंतु आपल्या मंडळाचे संकेतस्थळ नीट मराठीत बोलू लागावे म्हणून गेल्या दोन वर्षांत जी खटपट झाली, तिचे कारकुनी काम आमच्याकडे होते. तेवढ्या अधिकारावर आज बोलणार आहोत.

आरंभ एका तक्रारीपासून करावा लागेल. सुवर्णमहोत्सवाच्या नावनोंदणीची सोय आपण संकेतस्थळावर केली, हे आपणांस ठाऊक आहेच. ते नुसते माहिती दाखविणारे पान नव्हते. ते नाव-गाव विचारी, वर्गणी स्वीकारी, पावती देई, अतिथिगृहातील खोली राखून ठेवी. अशा संकेतस्थळाला जाणकार वेब ॲप्लिकेशन म्हणतात. हे काम आपण बाहेरच्या एका व्यावसायिकाकडून करून घेतले होते. मंडळाच्या स्थापनेपासूनच्या एक सभासद, ज्यांना येथे सर्वजण ताई म्हणतात, त्या नातवाला शेजारी घेऊन नाव नोंदवावयास बसल्या. सगळे रकाने भरले, शेवटचे बटण दाबले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली : 'तू यशस्वीरीत्या सामील झाला आहेस.'

ताई दुसऱ्या दिवशी कार्यालयात आल्या. "मंडळाची पहिली पावती मी फाडली आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे यंत्र मला अरे-तुरे करते! तेही पुरुष समजून!"

वाक्य बदलावयाचे, एवढेच काम होते. परंतु त्या व्यावसायिकाकडून उत्तर आले की, ते वाक्य एका जागी नाही, आज्ञावलीत अकरा जागी आहे. सर्व जागा शोधून, बदलून, पुन्हा तपासून द्यावयास तीन आठवडे लागतील, आणि त्याचे शुल्क निराळे पडेल. आम्हांस हा प्रथम कामचुकारपणा वाटला. पुढे कळले की गृहस्थ खोटे बोलत नव्हते. घरच तसे बांधले होते.

कसे, ते थोडक्यात सांगतो. आज्ञावली म्हणजे यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना. हे तपास, ते मोज, अमुक असेल तर तमुक कर. या सूचना यंत्राने वाचावयाच्या असतात. त्यांच्या अधूनमधून माणसांनी वाचावयाची वाक्ये येतात : 'स्वागत असो', 'रक्कम भरली नाही', 'दूरध्वनी क्रमांक चुकला'. घाईने काम करणारा मनुष्य ही वाक्ये जेथल्या तेथे, सूचनांच्या पोटातच लिहून मोकळा होतो. मग भिंतीत चिणलेल्या विटेसारखी त्यांची अवस्था होते. वीट बदलावयाची तर गवंडी बोलवावा लागतो. ज्याला मराठी उत्तम येते पण गवंडीकाम येत नाही, त्याने नुसते पाहत बसावे.

यावर जो उपाय आहे तो समजावून घेताना आम्हांस एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. आपल्यापैकी ज्यांची लग्ने पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी झाली, त्यांना शुभेच्छांच्या तारा आठवत असतील. तारघरात ठराविक वाक्यांची छापील यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. पाठविणाऱ्याने क्रमांक निवडावयाचा. तारेतून तो क्रमांक जाई, आणि पोहोचत्या तारघरात यादी पाहून पूर्ण वाक्याचा कागद मांडवात जाई. क्रमांक पाठविणाऱ्या तारबाबूला वाक्य पाठ असण्याची गरज नव्हती. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती युक्ती संगणकाच्या जगात जिवंत आहे.

आज्ञावलीत वाक्य लिहावयाचेच नाही. तेथे फक्त त्या वाक्याची खूण लिहावयाची. वाक्ये सगळी वेगळ्या दप्तरात ठेवावयाची. डाव्या बाजूस खूण, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे वाक्य, आणि एकेका ओळीत एकेक नोंद. या दप्तराला मेसेज फाइल म्हणतात. मराठीची एक फाइल, बंगालीची दुसरी, इंग्रजीची तिसरी. तिन्हींत डावीकडच्या खुणा त्याच, उजवीकडची वाक्ये निराळी. वाचणाऱ्याचा ब्राउझर पान मागताना, मालकाला कोणत्या भाषा कोणत्या क्रमाने हव्यात, हेही कळवीत असतो. त्यावरून, किंवा पानाच्या डोक्यावर वाचकाने स्वतः केलेल्या निवडीवरून, योग्य ती फाइल उघडली जाते. एखादे वाक्य त्या फाइलीत नसेल तर ते मूळच्या फाइलीतून घेतले जाते. पान अडून राहत नाही.

ही कल्पना नवी नाही. ग्नू प्रकल्पाने १९९५ साली 'गेटटेक्स्ट' नावाचे साधन दिले, त्यात खूण म्हणून इंग्रजी वाक्यच वापरण्याची रीत आहे. जावा या भाषेत १९९७ पासून अशा फाइलींची सोय आहे. म्हणजे आपले संकेतस्थळ बांधले गेले त्याच्या किती तरी आधीपासून हा मार्ग मोकळा होता. इंग्रजीत या साऱ्या व्यवस्थेला इंटरनॅशनलायझेशन म्हणतात. हा शब्द इतका लांब की लिहिणारे पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून मधल्या अठरा अक्षरांच्या जागी '१८' हा आकडाच घालतात. मराठीत आंतरराष्ट्रीयीकरण म्हणावे तर धाप लागते, आणि शिवाय ते नाव आम्हांस फसवेही वाटते. आपल्याला देशाबाहेर कोठे जावयाचे होते? एकाच घरातली आजी, सून आणि नात यांना एकाच पानावर आणावयाचे होते.

मंडळातल्याच एका तरुण अभियंत्याने हे काम अंगावर घेतले. रविवारी सकाळी वाचनालयात बसून त्याने एकेक पान उघडावे, त्यातली वाक्ये उचलून फाइलीत न्यावीत, आणि आम्ही वहीत नोंद करावी. तीनशेच्या वर वाक्ये निघाली. पडद्यावर दिसणारी सापडणे सोपे होते. लपून बसली होती ती संकटसमयीची वाक्ये : पैसे भरताना वीज गेली, एकच नाव दोनदा नोंदले, छायाचित्र फार मोठे झाले. ती शोधावयास त्याने एक गमतीची युक्ती केली. फाइलीतल्या प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना तारका लावून टाकल्या. मग संकेतस्थळ वापरीत सुटावयाचे. तारकांवाचून जे वाक्य समोर येईल ते अजून भिंतीत आहे असे समजावे. काही चित्रांतच अक्षरे कोरलेली निघाली; ती चित्रे फेकून द्यावी लागली.

दप्तर तयार झाल्यावर ते छापून आम्ही ताईंच्या हाती दिले. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. येथून पुढची हकीकत आम्हांस अधिक जिव्हाळ्याची आहे, कारण येथून विषय यंत्राचा राहिला नाही, मराठीचा झाला.

पहिला प्रश्न ज्याने हे सारे सुरू केले त्याचाच. इंग्रजीत सभासद सामील झाला काय किंवा झाली काय, क्रियापद तेच. येथल्या बंगालीतही तसेच. 'तिनि एसेछेन' म्हटले की पुरुषही आला आणि स्त्रीही आली. मराठीत मात्र आला, आली, आले, आणि आदराने आले, आल्या. वाक्यात नावाच्या जागी रिकामी खाच असते, तेथे यंत्र ऐन वेळी नाव बसविते. पण क्रियापदाचे शेपूट कोणाच्या बेताने ठेवावयाचे? फाइलीतच पोटभेद लिहून ठेवण्याची सोय आहे. स्त्री असेल तर हे वाक्य, पुरुष असेल तर ते, कळले नाही तर तिसरे. पण त्यासाठी प्रत्येकाला आधी लिंग विचारावे लागते, आणि वाचनालयाचे पुस्तक परत करताना ते कशाला विचारावे?

ताईंनी तोडगा काढला तो ऐकून आम्ही थक्क झालो, कारण तो आमच्याच खात्यातला निघाला. सरकारी मराठीची थट्टा सर्वांनी केली आहे, आम्हीही केली आहे. परंतु 'श्री. अमुक यांनी वर्गणी भरली' आणि 'श्रीमती तमुक यांनी वर्गणी भरली' ही वाक्ये पाहा. क्रियापद वर्गणीच्या लिंगाने चालते, भरणाऱ्याच्या नव्हे. 'यांनी', 'यांना', 'यांचे' या तीन शब्दांनी नावाला हात न लावता विभक्ती लागते आणि आदरही राखला जातो. 'आपण सभासद झालात' हेही स्त्री-पुरुष दोघांना चालते. 'झाला आहात' म्हटले की बिघडते. अर्ध्याअधिक वाक्यांचा प्रश्न असा सुटला. सगळीच वाक्ये मात्र या साच्यात घालू नयेत, नाही तर संकेतस्थळ जिल्हा कचेरीसारखे बोलू लागते, हे ताईंनीच बजावले.

गावांच्या नावांनी अधिक छळले. मूळ वाक्यात गावाची खाच आणि तिला चिकटून 'हून' होते. यंत्राने इमानाने लिहिले : 'पुणेहून', 'साताराहून', 'वर्धाहून'. कानाला खडा लागावा तसे ते शब्द लागत. आपण सामान्यरूप करतो ते न शिकता करतो. यंत्राला ते कोणी सांगावे? इंग्रजी वाक्य बांधणाऱ्याच्या हे स्वप्नातही येत नाही, कारण त्याचे 'फ्रॉम' नावाच्या आधी येते आणि नावाला स्पर्श करीत नाही. शेवटी वाक्यच मोडले आणि 'गाव : सातारा' असा साधा रकाना केला. भाषेला मुरड घालण्यापेक्षा रचना बदललेली बरी, असे आमचे मत झाले.

वचनाचेही तसेच. '१ पुस्तके परत करणे आहे' हे वाक्य आपण सर्वांनी काही दिवस सोसले. आता एकाचे वाक्य निराळे आणि अनेकांचे निराळे लिहिले आहे. बंगालीत नामाचे रूप न बदलता आकड्याला 'टि' लागतो, म्हणून त्या फाइलीचा घाट वेगळा. अरबीत अशी सहा रूपे लागतात असे कळल्यावर ताईंनी समाधानाचा निःश्वास टाकला.

एकदा फजितीही झाली. अतिथिगृहाच्या पानावर खोली राखण्यासाठी जे बटण होते त्यावरच्या इंग्रजी 'बुक' या शब्दाचे कोणी तरी 'पुस्तक' केले होते. वाचनालयाचे दार समजून एका सद्गृहस्थांनी ते दाबले, आणि त्यांच्या नावे दोन रात्रींसाठी खोली राखली गेली. हसण्याचा भाग सोडून द्या. भाषांतर करणाऱ्यासमोर फक्त दप्तर असते, पान नसते. 'ओपन' म्हणजे 'उघडा' की 'उघडे', 'मे' म्हणजे महिना की परवानगी, हे त्याला एकट्या शब्दावरून कसे कळावे? म्हणून प्रत्येक ओळीच्या वर, हा शब्द कोठे दिसतो आणि कशासाठी, याची एक टीप लिहावी असा नियम आम्ही केला. सरकारी नोकरीत टिपणे लिहिल्याचा उपयोग झाला तो येथे.

उलट चूक ताईंकडूनही झाली. वाक्यातली खाच महिरपी कंसाने दाखवितात आणि कंसात त्या खाचेचे नाव रोमन लिपीत असते. ताईंनी त्याचेही मराठी केले. यंत्राला आपली खाच ओळखता येईना, आणि आठवडाभर प्रत्येक नव्या सभासदाला 'नाव यांचे मंडळात स्वागत आहे' असे, कंसासकट, पत्र गेले.

लिपीचा गोंधळ याहून जुना आहे. आपल्यातील काही ज्येष्ठांनी वाक्ये टंकून पाठविली ती जुन्या फॉन्टांत. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असत. त्यांच्या संगणकावर शुद्ध मराठी दिसे. फाइलीत ओतले की रोमन अक्षरांचा चिवडा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. आता त्यातच लिहावे, एवढी विनंती आम्ही या व्यासपीठावरून पुन्हा करतो. त्यातही आपल्या अर्ध्या 'ऱ'कडे लक्ष असू द्यावे. ताईंनी दाखविले नसते तर महोत्सवाच्या खर्चाच्या पानावर 'आचाऱ्यांचे मानधन' याऐवजी 'आचार्यांचे मानधन' असे प्रसिद्ध झाले असते, आणि पुरणपोळ्या लाटणाऱ्यांच्या जागी आम्हांसारखे व्याख्याते धनादेशाची वाट पाहत बसले असते.

आकड्यांविषयी थोडे मतभेद झाले. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाप्रमाणे संघाच्या कामकाजात भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप चालते, आणि आमचा हात त्यालाच सरावलेला. महाराष्ट्रात देवनागरी अंक चालतात. येथल्या मुलांची तिसरीच अडचण. बंगाली चारचा आकडा इंग्रजी आठासारखा दिसतो. शेवटी मराठी पानावर तारखा व रकमा देवनागरीत ठेवल्या, दूरध्वनी क्रमांक मात्र आंतरराष्ट्रीय अंकांत. सव्वा लाखाचा स्वल्पविराम आपल्या रीतीने पडावा, हा कोषाध्यक्षांचा हट्ट होता, तोही पुरा झाला.

बालवर्गाची कथा सांगितलीच पाहिजे. सर्वत्र 'आपण' करून ताईंनी जे दप्तर सिद्ध केले, ते बालवर्गाच्या पानावर लागताच एका सात वर्षांच्या मुलीने आईला विचारले, "हे मला 'आपण' का म्हणतात? माझ्यावर रागावलेत का?" प्रश्न अगदी बरोबर होता. घरापासून इतक्या दूर मुलांच्या कानावर मराठी पडते ती आई-आजीच्या 'तू'मधून. ती 'आपण'मधून पडू लागली तर परकी वाटावयाचीच. मग बालवर्गापुरती एक लहानशी फाइल केली. त्यात फक्त बदललेली चाळीस-एक वाक्ये : 'शाब्बास', 'पुन्हा करून बघ', 'पुढचे पान उघड'. बाकीची आपोआप मोठ्या दप्तरातून येतात. आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही.

आता बंगालीविषयी. मराठी मंडळाच्या संकेतस्थळाला बंगाली कशाला, असा प्रश्न कार्यकारिणीत तीव्रपणे विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पन्नास वर्षे जे जपले ते हातचे जाईल, ही भीती खरी आहे. आमच्याही मनात ती आहे. आमची मुलगी येथल्या शाळेत शिकली, बंगाली भराभरा वाचते आणि मराठी बोट ठेवून वाचते. परंतु आपल्या घरांत बंगाली सुना आणि जावई आले आहेत. भजनाला पेटी धरणारे आणि गणपतीत रात्रभर राबणारे त्यांतले कित्येक आहेत. त्यांना पावती कळू नये काय? केंद्र सरकारच्या कार्यालयांतील नामफलकांवर प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी अशा क्रमाने लिहावे लागते. फलकाची जागा ठरलेली, त्यामुळे कोणती भाषा वर आणि कोणाची अक्षरे लहान यावरून झालेले वाद आम्ही नोकरीत पाहिले आहेत. वेगवेगळ्या फाइलींत तो वादच उत्पन्न होत नाही. बंगालीची ओळ लिहिली म्हणून मराठीची एकही ओळ पुसावी लागत नाही. पानाच्या डोक्यावर तीन नावे आपापल्या लिपीत आहेत, आणि ज्याने काहीच निवडले नाही त्याला मराठी दिसते. तेवढे मात्र आम्ही आग्रहाने मागून घेतले.

बंगालीची फाइल एका सूनबाईंनी लिहावयास घेतली आहे. संकटसमयीची वाक्ये अद्याप व्हावयाची आहेत; तोवर तेथे मूळची मराठी वाक्येच दिसतात. तिन्ही दप्तरांच्या छापील प्रती वाचनालयाच्या मेजावर ठेवल्या आहेत, शेजारी लाल पेन्सिल आहे. ज्यांना चूक दिसेल त्यांनी समासात लिहावे व खाली नाव घालावे. दर रविवारी अकरा वाजता दुरुस्त्या घेतल्या जातात.

एक वाद अजून मिटलेला नाही. फॉर्मच्या शेवटच्या बटणावर काय लिहावे? आमचे म्हणणे 'सादर करा'. ताई म्हणतात, सादर करावयास हे काय कोर्ट आहे, 'पाठवा' म्हणा. अभियंता म्हणतो, तुमचे ठरले की सांगा, बदलावयास अर्धा मिनिट लागेल. तूर्त बटणावर 'पाठवा' आहे.